चिवटपणाचे कौतुक

१८५६ सालच्या जानेवारीत ओहायो नदी गोठली होती. नदीच्या दक्षिणेला केंटकी, म्हणजे गुलामगिरीचा मुलूख. उत्तरेला ओहायो, म्हणजे गुलामगिरी नसलेले राज्य. एरवी मध्ये पाणी असे, त्या दिवसांत बर्फ होता. मार्गारेट गार्नर नावाची एक गुलाम स्त्री नवरा, सासूसासरे आणि चार मुलांसह त्या बर्फावरून चालत सिनसिनाटीला पोहोचली. काही तासांतच मालक सरकारी माणसे घेऊन मागावर आला आणि त्याने घराला वेढा घातला. दार फोडून माणसे आत शिरली, तोवर मार्गारेटने आपल्या सुमारे दोन वर्षांच्या मुलीला सुरीने मारले होते. उरलेल्या मुलांनाही मारायला निघाली असताना तिला धरण्यात आले.

यापुढे जे घडले ते मला मूळ घटनेइतकेच भयंकर वाटते. गुलामगिरीच्या विरोधकांनी, म्हणजे मार्गारेटच्या हितचिंतकांनी, मागणी केली की तिच्यावर खुनाचा खटला भरा. ऐकायला विचित्र वाटते. पण खुनाचा आरोप माणसावर ठेवता येतो. आरोपी म्हणून ती ओहायोच्या न्यायालयात उभी राहिली असती, तर ती माणूस आहे आणि मारलेले मूल तिचे आहे, या दोन गोष्टी कायद्याला मान्य कराव्या लागल्या असत्या. उलट बाजूला १८५० सालचा पळपुट्या गुलामांविषयीचा कायदा होता. त्याच्या दृष्टीने ती हरवलेली आणि सापडलेली मालमत्ता होती, आणि मेलेले मूल हे मालकाचे नुकसान. मालमत्ता जिंकली. मार्गारेटला परत पाठवण्यात आले आणि मालकाने तिला आणखी दक्षिणेकडे रवाना केले. वाटेत बोटीला अपघात होऊन तिचे दुसरे तान्हे मूल बुडाले. १८५८ साली ती विषमज्वराने गेली. खुनी ठरण्याइतके माणूसपणही अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेने तिला दिले नाही.

या घटनेचे एक जुने कात्रण टोनी मॉरिसन यांच्या हाती आले. त्या वेळी त्या न्यूयॉर्कच्या रॅन्डम हाऊस या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या तीनशे वर्षांच्या जीवनातील कागदपत्रे, छायाचित्रे, जाहिराती यांचा ‘द ब्लॅक बुक’ हा संग्रह सिद्ध करत होत्या. तो १९७४ साली निघाला. कात्रण मात्र मनात राहिले आणि त्यातून १९८७ साली ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ साली मॉरिसन यांना नोबेल. साहित्याचे नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

एम.ए.च्या वर्गाला ही कादंबरी मी बरीच वर्षे शिकवली. दरवर्षी निबंधांच्या पहिल्या गठ्ठ्यात एक वाक्य हमखास सापडे : सेथी ही (कादंबरीतली मार्गारेट) काळ्या स्त्रीच्या चिवट जीवनेच्छेचे प्रतीक आहे. इंग्रजी समीक्षेत ‘रेझिलियन्स’ हा शब्द सध्या फार चलनात आहे, त्याचा हा मराठी अवतार. वाक्य खोटे नाही. पण ते इतक्या लवकर आणि इतक्या समाधानाने लिहिले जाई की माझ्या मनात पाल चुकचुके. पुरात वाचणाऱ्या लव्हाळ्याचे कौतुक आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. त्या कौतुकात पुराची चौकशी करायची राहून जाते. आणि इथला पूर तर आकाशातून पडलेला नाही. तो माणसांनी कायदे करून, हिशेबाच्या वह्या लिहून आणलेला आहे.

म्हणून मला या लेखिकांविषयी जरा वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो. वर्णद्वेषाने या स्त्रियांचे स्वातंत्र्य हिरावले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण स्वातंत्र्य म्हणजे काय, याची त्यांची कल्पनाच वर्णद्वेषाने कशी घडवली, किंवा बिघडवली?

‘बिलव्हेड’मध्ये सेथीची सासू आहे, बेबी सग्ज. तिची आठही मुले एकेक करून तिच्यापासून तोडली गेली. शेवटचा मुलगा पाच वर्षे आपला प्रत्येक रविवार दुसऱ्यांकडे राबून आईचे स्वातंत्र्य विकत घेतो. ती साठी उलटलेली, एका पायाने अधू. या वयात स्वातंत्र्य घेऊन करायचे काय, असे तिला वाटत असते. नदी ओलांडल्यावर अचानक तिचे लक्ष स्वतःच्या हातांकडे जाते. हे हात आपले आहेत! मग छातीत काहीतरी धडधडते आहे हे जाणवते आणि ती हसत सुटते. आयुष्यभर ते हृदय धडधडतच होते. पण ते मालकाच्या वस्तूतले यंत्र होते. तेवढ्यात ती मालकाला विचारते, तुम्ही मला जेनी का म्हणता? तो म्हणतो, खरेदीच्या कागदावर तसेच लिहिले आहे. इतकी वर्षे कोणी तिला तिचे नाव विचारले नव्हते आणि मालकाला, जो तुलनेने ‘चांगला’ मालक आहे, त्यात काही वावगे वाटले नव्हते. स्वातंत्र्याच्या राजकीय व्याख्या आपण पुष्कळ वाचतो. आपल्या हातांची ओळख होणे ही व्याख्या मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

याच कादंबरीत ‘स्कूलटीचर’ नावाने ओळखला जाणारा नवा मालक येतो. तो मारकुटा राक्षस नाही, तो अभ्यासक आहे. गुलामांची मापे घेतो, टिपणे काढतो आणि आपल्या पुतण्यांना धडा देतो : पानाच्या एका बाजूला हिचे मानवी गुण लिहा, दुसऱ्या बाजूला पशूचे. सेथी ते ओझरते ऐकते. आणि ज्या शाईने हे लिहिले जाते ती शाई सेथीनेच करून दिलेली असते. पुढे ती मुलीच्या गळ्यावर जे शस्त्र चालवते त्याची मुळे चाबकाच्या वळांपेक्षा या पानात अधिक आहेत. आपल्या मुलीचे गुण कोणी पशूंच्या रकान्यात लिहू नयेत, एवढ्यासाठी ती तिला अशा ठिकाणी पाठवते जिथे कोणी पोहोचणार नाही. तिच्यापाशी स्वातंत्र्याचा एवढाच एक अर्थ शिल्लक राहिलेला असतो. या कृत्याचे समर्थन मॉरिसन करत नाहीत, निषेधही करत नाहीत. मारलेली मुलगी परत येते, घरात राहते, आईला खाऊन टाकू लागते. याला चिवटपणा म्हणायचे असेल तर तो शब्द आधी धुऊन घ्यावा लागेल.

पण गुलामगिरी १८६५ साली संपली. पुढे? मॉरिसन यांची पहिली कादंबरी ‘द ब्लुएस्ट आय’ १९७० साली आली. तिचा काळ १९४०-४१, स्थळ ओहायोतील लोरेन, म्हणजे लेखिकेचे जन्मगाव. इथे बेड्या नाहीत, लिलाव नाही. पिकोला नावाची एक मुलगी आहे आणि तिला निळे डोळे हवे आहेत. दुकानात गोळ्या घ्यायला जाते तेव्हा दुकानदाराची नजर तिच्यावर येऊन ठरतच नाही. समोर कोणी उभे आहे याची त्याला जाणीवच होत नाही. तिची आई एका गोऱ्या कुटुंबाकडे कामाला आहे. त्या स्वयंपाकघरात पिकोलाच्या हातून फळांच्या गरम पक्वान्नाचे भांडे पडते. तिचे पाय भाजतात. आई तिलाच मारते आणि रडणाऱ्या गोऱ्या मुलीला पोटाशी धरते. चार-पाच परिच्छेदांचा प्रसंग आहे, आणि वर्णद्वेषावरचे जाडजूड ग्रंथ त्याच्यापुढे मला फिके वाटतात. कारण त्या क्षणी त्या खोलीत दुष्ट गोरा माणूस एकही नसतो. गरजच उरलेली नसते.

त्याच दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून कोणती चांगली, कोणती वाईट असे विचारत होते. बहुसंख्य मुले गोरी बाहुली उचलत. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. मॉरिसन यांच्या कादंबरीतली निवेदक मुलगी क्लॉडिया मात्र भेट मिळालेली गोरी बाहुली उचलत नाही, ती तिचे तुकडे करते. आत असे काय आहे की सगळे जग हिच्यावर भाळते, ते तिला बघायचे असते. पुढे तीही गोऱ्या बालनटीवर प्रेम करायला शिकते, आणि हे शिकणे म्हणजे सुधारणा नव्हे हे तिला कळते. पिकोला शेवटी वेडी होते. तिला निळे डोळे ‘मिळतात’ ते वेडातच. क्लॉडिया जगते-वाचते खरी, पण आपण सगळे पिकोलाच्या कुरूपतेवर पाय ठेवून सुंदर झालो, ही बोच घेऊन.

चिवटपणाच्या कौतुकाला आणखी एक इतिहास आहे. ‘काळी बाई काहीही सोसू शकते’ ही समजूत मळ्यांच्या मालकांना फार सोयीची होती. विसाव्या शतकात ती उलट्या अंगाने आली. १९६५ साली डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दुरवस्थेचे खापर बरेचसे स्त्रीप्रधान घरांवर फोडले. म्हणजे बाई खंबीर राहिली हाच तिचा गुन्हा! १९७९ साली मिशेल वॉलेस यांनी या ‘महास्त्री’च्या मिथकावर पुस्तकच लिहिले आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. थोर कादंबऱ्यांनी हे काम आधीच आरंभले होते. ॲन पेट्री यांच्या ‘द स्ट्रीट’ची (१९४६) नायिका लुटी जॉन्सन हार्लेममध्ये एकट्याने मुलगा वाढवते. बेंजामिन फ्रँकलिनचा आदर्श तिच्या डोळ्यांपुढे आहे : काटकसर करा, कष्ट करा, वर या. ती सगळे करते. शेवटी तिच्या हातून खून होतो आणि मुलाला सुधारगृहाच्या हवाली सोडून ती शिकागोची गाडी पकडते. या कादंबरीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. लुटीपाशी जिद्दीची कमतरता नव्हती. भाडे, पगार आणि पुरुषांच्या नजरा यांचा हिशेब जिद्दीने जुळत नव्हता.

झोरा नील हर्स्टन यांच्याकडे वळले की हवा बदलते. ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) ही कादंबरी त्यांनी हैतीत राहून अवघ्या काही आठवड्यांत लिहिली. नायिका जेनी. तिची आजी गुलामगिरीत जन्मलेली. आजीच्या मते स्वातंत्र्य म्हणजे गोऱ्या बायकांसारखे ओसरीवर निवांत बसायला मिळणे. आयुष्यभर पाठ वाकवून राबलेल्या बाईला दुसरे काय वाटणार? म्हणून ती नातीला साठ एकरवाल्या एका प्रौढ शेतकऱ्याच्या गळ्यात बांधते. जेनी तिथून पळते. दुसरा नवरा गावाचा महापौर होतो आणि आजीची ओसरी जेनीला खरोखरच मिळते. पण तिथे बसून गप्पांत भाग घ्यायची तिला मनाई, केस बांधून ठेवायची सक्ती. आजीचे स्वातंत्र्य नातीचा तुरुंग होते. मला हा या कादंबरीतला सर्वांत खोल भाग वाटतो, प्रेमकथेपेक्षाही. वर्णद्वेष असा पिढ्यापिढ्यांना एकमेकींची स्वप्ने कळेनाशी करून टाकतो, आणि तरी आजी दोषी नाही.

रिचर्ड राइट यांच्यासारख्या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाला ही कादंबरी त्या वेळी पटली नाही. हिच्यात विचार नाही, संदेश नाही, गोऱ्या वाचकांची करमणूक आहे, असा त्यांचा सूर होता. निषेध हेच काळ्या साहित्याचे काम, असे मानणारा तो काळ. काळी माणसे आपसांत बोलतात, थापा मारतात, प्रेम करतात तेव्हा गोरा माणूस त्यांच्या मनात प्रत्येक क्षणी नसतो, हे हर्स्टन दाखवत होत्या. तो असतो तिथे तो कसा असतो हेही त्या दाखवतात : वादळानंतर काळ्यांना बंदुकीच्या धाकाने प्रेते पुरायला लावतात, गोऱ्यांसाठी शवपेट्या आणि काळ्यांसाठी सामाईक खड्डा, फुगलेली प्रेते ओळखू येत नाहीत म्हणून केस तपासून वर्ण ठरवावा लागतो. १९२८ साली फ्लोरिडात ओकीचोबी सरोवराकाठी हजारोंचा बळी घेणारे वादळ झाले, त्याची ही स्मृती. राइट यांना यात विचार कसा दिसला नाही याचे मला नवल वाटते.

हर्स्टन १९६० साली फ्लोरिडातल्या एका अनाथाश्रमवजा सरकारी निवाऱ्यात वारल्या. त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ साली ॲलिस वॉकर ही तरुण लेखिका तिथे गेली, कमरेएवढ्या रानात थडग्याची जागा शोधली आणि दगड बसवला. नऊ वर्षांनी तिची ‘द कलर पर्पल’ आली. या कादंबरीची सीली देवाला पत्रे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. ती विजारी शिवू लागते आणि शिवणकामातून तिचे स्वतःचे जग उभे राहते. वॉकर यांच्यावर टीका झाली की काळ्या पुरुषांना खलनायक करून तुम्ही गोऱ्यांच्या हाती कोलीत दिले. १९८५ साली स्पीलबर्गच्या चित्रपटाच्या वेळी तर निदर्शनेही झाली. टीकेत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण घरातला मार घरातच ठेवा, हा सल्ला नेहमी मार खाणाऱ्यालाच का दिला जातो? मला त्या कादंबरीची खटकणारी गोष्ट वेगळी आहे. शेवटी सगळी हरवलेली माणसे परत येतात, सगळे वळणावर येतात. सुख जरा जास्तच वाटले गेले आहे. म्हणूनच मला सीलीपेक्षा सोफिया अधिक लक्षात राहते. महापौराच्या बायकोने तिला घरकामाला येतेस का असे विचारल्यावर ती ठणकावून नाही म्हणते. त्या एका नकाराची परतफेड तिला मार, तुरुंग आणि अखेर त्याच बाईच्या घरी वर्षानुवर्षे चाकरी अशी करावी लागते.

आपल्याकडे या साहित्याची ओळख मुळात गुलामगिरीच्या प्रश्नातून झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंना दास्यमुक्त केले त्यांना अर्पण केले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. या देवाणघेवाणीत बहुतेक नावे पुरुषांची होती. कृष्णवर्णीय स्त्रिया आपल्या वाचनात उशिरा आल्या, आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ आपण जसे पुष्कळदा नुसता दस्तऐवज म्हणून वाचतो तसेच त्यांनाही वाचू लागलो. जात आणि वर्ण एकच नव्हेत. हा वाचण्यातला आळस मात्र एकच आहे.

त्या आळसाचा कळस हॅरिएट जेकब्ज यांच्या वाट्याला आला. नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेन्टन गावी मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी त्या आजीच्या घराच्या छपराखालच्या सांदीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. उभे राहता येऊ नये इतकी ती जागा बुटकी होती. एक भोक पाडून त्यातून त्या खाली खेळणारी आपली मुले बघत. मुलांना त्याचा पत्ता नसे. मग उत्तरेला पळून जाऊन टोपणनावाने त्यांनी आत्मकथन लिहिले, ते १८६१ साली छापले गेले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे अनेक विद्वान ही कादंबरी समजत होते, तीही प्रस्तावना लिहिणाऱ्या गोऱ्या संपादिकेची. इतके नेटके लिखाण गुलाम बाईचे असेल कसे? जीन फेगन येलिन या संशोधिकेने जुन्या पत्रव्यवहारातून ते जेकब्ज यांचेच असल्याचे सिद्ध केले आणि १९८७ साली, म्हणजे ‘बिलव्हेड’च्याच वर्षी, सटीप आवृत्ती काढली.

आज या पुस्तकांवर आक्षेप येतो तो निराळ्या भाषेत. २०२१ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत एका प्रचारचित्रफितीत एक आई तक्रार करताना दिसली : शाळेने माझ्या मुलाला असले भयंकर पुस्तक वाचायला दिले. पुस्तक ‘बिलव्हेड’ होते. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या सर्वाधिक आक्षेपार्ह ठरवल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत २०२२ आणि २०२३ अशा दोन्ही वर्षी ‘द ब्लुएस्ट आय’ होते. मुलांना त्रास होईल, हे कारण. पालकांची काळजी मी खोटी मानत नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जे वाचवत नाही ते गार्नरच्या दोन वर्षांच्या मुलीवर गुदरले होते, आणि पिकोला तर अवघी अकरा वर्षांची आहे.

‘बिलव्हेड’च्या शेवटाकडे सेथीची धाकटी मुलगी डेन्व्हर घराबाहेर पडते. घरात अन्न संपले आहे, आई अंथरुणाला खिळली आहे, भूत पोसले जाते आहे. कित्येक वर्षे तिने एकटीने अंगण ओलांडलेले नाही. ती लहानपणच्या शिक्षिकेच्या दारात जाऊन काम मागते. काम मिळत नाही. पण त्यानंतर अंगणाच्या कडेला कधी अंडी, कधी तांदूळ, कधी झाकलेले एखादे भांडे दिसू लागते. काही भांड्यांसोबत चिठोऱ्यांवर नावे असतात. ज्या बायकांनी अठरा वर्षे या घरावर बहिष्कार घातला त्यांचीच ती नावे. भांडे घासून परत द्यायला डेन्व्हर एकेका दारात जाते, आभार मानते, आणि दारात उभी राहिलेली बाई तिला तिच्या आजीबद्दल, बेबी सग्जबद्दल, काहीतरी सांगते.